सुकाणू का रडते?

(लखनौ येथे मराठी भाषकांच्या एका मेळाव्यात अनुवादकर्त्रीने दिलेले व्याख्यान. मोटारदुरुस्तीवरील प्रस्तुत ग्रंथाच्या अनुवादाच्या निमित्ताने ते येथे समाविष्ट केले आहे.)



मराठी वाङ्मय हा विषय घेऊन एम. ए. झालेल्या बाईने मोटारीच्या सुकाणूविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. त्याचा उलगडा प्रथम करते. ज्या ग्रंथाचा अनुवाद मी केला, त्याच्या सुकाणूविषयीच्या प्रकरणात एका दोषाचे वर्णन येते. गाडी सुरू करावी, सुकाणूचे चाक वळवावे आणि पुढच्या बाजूने एक लांबट, अनुनासिक, चढत जाणारा आवाज ऐकू यावा. इंग्रजी लेखक त्याला एकच शब्द वापरतो : 'व्हाइन'. कोश उघडावा तर त्या एका शब्दापुढे रडणे, कण्हणे, कुरकुरणे, केकाटणे असे चार-पाच प्रतिशब्द हात जोडून उभे. कथेचा अनुवाद असता तर त्यांतला कोणताही उचलून चालला असता. फार तर समीक्षकाने नाक मुरडले असते. दुरुस्तीच्या पुस्तकात तशी सोय नाही. तेथे किंचाळतो तो पट्टा, फुसफुसते ती झडप, खडखडतो तो सांधा आणि कण्हतो तो पंप. शब्द बदलला की बिघाड बदलतो, आणि बिघाड बदलला की खर्चही बदलतो. एका चुकीच्या क्रियापदापायी वाचक आपल्या गाडीचा धडधाकट पंप काढून टाकील आणि आवाज मात्र जेथल्या तेथे राहील.

मराठीला ध्वनींच्या बाबतीत दारिद्र्य नाही. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती चाळली, तर अनुकरणवाचक शब्दांची केवढी गर्दी तेथे दाटली आहे हे दिसते. खडखड आणि खडाखड, किरकिर आणि करकर, भणभण आणि गुणगुण यांतला भेद आपल्या आजीला कोणी शिकवावा लागला नव्हता. अडचण एवढीच, की हे भांडार आपण जाते, रहाट, बैलगाडी आणि पावसाळा यांच्यासाठी भरून ठेवले. मोटारीच्या झाकणाखाली ते फारसे नेले नाही. म्हणून प्रकरणाचा अनुवाद हाती घेतल्यावर मी कोश बाजूला ठेवला आणि लालबागेत जाऊन उभी राहिले. हे नाव ऐकून मुंबईकर श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे दुसरेच काही येईल. लखनौची लालबाग म्हणजे मोटारींच्या सामानाची बाजारपेठ. तेथे मिस्त्री मंडळींच्या तोंडून पहिल्याच दिवशी जे वाक्य ऐकले, ते असे : "पंप हवा ले रहा है." या चार-पाच शब्दांत आवाजाचे नाव, त्याचे कारण आणि निम्मा उपाय आला होता. ते कसे, हे समजण्यासाठी मात्र यंत्राची ओळख करून घ्यावी लागेल.

सुकाणू हा शब्द आपल्याकडे समुद्रावरून आला. अरबीतला 'सुक्कान', म्हणजे नावेची दिशा वळवणारा भाग. जुन्या मोटारींचे सुकाणूही नावेसारखेच, सर्वस्वी माणसाच्या दंडाच्या बळावर चालणारे होते. ज्यांनी उभ्या ॲम्बेसेडरचे चाक वळवले आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अभियंत्याने १९२० च्या दशकात यावर तोड काढली. इंजिनाच्या बळावर तेलावर दाब आणावयाचा आणि त्या दाबाला चाके ढकलण्याच्या कामी लावावयाचे. विक्रीच्या मोटारीत ही योजना येण्यास १९५१ साल उजाडले. त्या वर्षी क्रायस्लर कंपनीने आपल्या 'इंपीरिअल' गाडीत ती बसवली. आपल्याकडे अवजड वाहनांसाठी अशी सुकाणू-यंत्रे करण्याच्या उद्योगात महाराष्ट्राचा वाटा आहे. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या वढू बुद्रुकच्या शिवारात, पुण्याजवळ, 'झेड एफ स्टिअरिंग गिअर (इंडिया)' या १९८१ साली स्थापन झालेल्या कंपनीचा कारखाना आहे. लखनौत चिनहटच्या बाजूस टाटांचा ट्रक आणि बस बांधणारा कारखाना १९९२ सालापासून उभा आहे. तेव्हा आजचा विषय या दोन्ही मुलखांना परका नाही.

रचना थोडक्यात अशी. इंजिनाच्या पुलीवरून एक पट्टा पंपाची पुली फिरवतो. एका छोट्या डबीतून तेल पंपात येते. पंप ते दाबाखाली जाड नळीतून सुकाणूच्या पेटीकडे पाठवतो. चालकाने चाक वळवले की तेथील झडप एका बाजूची वाट उघडते, दट्ट्यावर तेलाचा दाब पडतो आणि रस्त्यावरची चाके वळू लागतात. काम झालेले तेल दुसऱ्या नळीने डबीत परत येते. बंदिस्त द्रवावर टाकलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा जो नियम पास्कलने सतराव्या शतकात मांडला, त्याच्यावर ही सारी मदार आहे. विमानाची चाके उचलण्यासाठीही त्याच तत्त्वाचा उपयोग होतो. लखनौच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात १९७० पासून विमानांची जी उपांगे तयार होतात, त्यांत द्रवचालित यंत्रणाही आहेत.

आता पंपाच्या पोटात डोकावू. तेथे एक लहानसा गोल दांडा फिरतो. त्याला खाचा असतात आणि त्या खाचांत सरकत्या पात्या, बहुधा दहा. हा गोल एका लंबगोल कड्याच्या आत फिरतो. कडे जेथे रुंद असते तेथे पात्या बाहेर सरकतात, दोन पात्यांमधली जागा वाढते आणि तेल आत ओढले जाते. कडे अरुंद होते तेथे जागा घटते आणि तेल पिळून बाहेर पडते. म्हणजे तेलाचा प्रवाह सलग भासला तरी तो सूक्ष्म धक्क्यांचा बनलेला असतो. इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला ९०० फेरे घेत आहे आणि पंपाची पुली तेवढ्याच वेगाने फिरते आहे असे समजा. सेकंदाला १५ फेरे झाले. दहा पात्यांचे दीडशे धक्के. सेकंदाला दीडशे कंपने हा कानाला ऐकू येणारा सूर आहे. प्रवेगक दाबून फेरे १,८०० केले, की धक्के तीनशे होतात. कंपने दुप्पट झाली, म्हणजे सूर बरोबर एक सप्तक वर चढला.

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी ज्या शहरात १९२६ साली मॅरिस कॉलेजची प्रतिष्ठापना होण्यास हातभार लावला, त्या शहरात बोलताना सप्तकाचा उल्लेख टाळावा तरी कसा! त्यांच्या नावाचे विद्यापीठ असलेल्या कैसरबागेपासून लालबाग काही दूर नाही. परंतु हा केवळ शोभेचा उल्लेख नव्हे. निदानाची पहिली किल्ली यातच आहे. गाडी जागच्या जागी उभी ठेवून प्रवेगक दाबावा. सूर इंजिनाबरोबर चढला-उतरला, तर दोष इंजिनाच्या बळावर फिरणाऱ्या कोणत्या तरी भागात आहे. उभ्या गाडीत आवाज मुळीच येत नसून रस्त्यावरच्या वेगाबरोबर वाढत असेल, तर सुकाणूचा पिच्छा सोडावा आणि चाकांची बेअरिंगे किंवा टायर पाहावे. (परिभाषेत बेअरिंगला 'धारवा' असा देखणा शब्द आहे. मी तो ग्रंथात एकदा वापरला आणि पुढे सर्वत्र बेअरिंगच ठेवले. ज्याच्यासाठी पुस्तक आहे त्याला दुकानात जाऊन ती वस्तू मागावयाची असते.)

दुसरी किल्ली सुकाणूच्या चाकात आहे. इंजिनाचे फेरे न वाढवता चाक हळूहळू एका बाजूला वळवावे. वळवताच कण्हणे वाढले आणि हात सोडताच कमी झाले, तर पंपावर भार पडतो तेव्हा तो रडतो, हे निश्चित झाले. चाक अगदी टोकापर्यंत नेल्यावर येणारा फुसफुसता आवाज मात्र वेगळा. तेलाला पुढे जावयास वाट उरत नाही, दाब कमालीचा वाढतो, आणि तो फार वाढू नये म्हणून पंपातली सुरक्षा-झडप उघडते. तिची ती फुसफुस. निरोगी गाडीतही ती येते. तिच्यावर उपाय एवढाच, की चाक टोकाला दाबून पाच सेकंदांपेक्षा अधिक काळ धरू नये, कारण त्या अवस्थेत तेल झपाट्याने तापते.

पट्ट्याचा आवाज ओळखणे तुलनेने सोपे. तो कर्कश असतो, एकदम येतो, चाक जोराने वळवताना किंवा थंड सकाळी गाडी सुरू करताच ऐकू येतो आणि पुष्कळदा आपोआप थांबतो. कण्ह नव्हे, किंकाळी. पट्टा सैल पडून पुलीवर घसरत असतो, किंवा त्याची आतली बाजू घासून काचेसारखी चकचकीत झालेली असते. चालू पट्ट्यावर दुरून पाण्याचे चार थेंब उडवावेत. आवाज क्षणभर थांबला किंवा बदलला तर दोष पट्ट्याचाच. हे करताना ओढणी, पदर, शर्टाची बाही आणि बोटे यांना पट्ट्यापासून दूर ठेवावे, हे सांगावयास नको, तरी सांगते. पाण्याने काही फरक पडला नाही, तर इंजिन बंद करून, ते थंड झाल्यावर पट्टा उतरवावा आणि त्याच्यावर फिरणारी एकेक पुली हाताने फिरवून पाहावी. जिच्यात खरखर जाणवेल तिचे बेअरिंग गेले. बॅटरी भारणाऱ्या अल्टरनेटरचे बेअरिंगही पंपासारखेच रडते आणि विनाकारण पंपावर आळ येतो.

पट्टा निर्दोष ठरला, की तेलाच्या डबीचे झाकण उघडावे. माझ्या मते सर्व निदानांत हे सर्वांत स्वस्त, आणि सर्वांत दुर्लक्षित. पातळी खुणेच्या खाली आहे काय? तेल मूळच्या तांबड्या किंवा पिवळसर रंगाचे आहे की काळपट होऊन त्याला करपट वास येतो आहे? स्वच्छ फडक्यावर थेंब टाकला असता त्यात धातूचा चुरा चमकतो काय? आणि मुख्य म्हणजे, त्यावर फेस आहे काय? साबणाच्या पाण्यासारखे बारीक बुडबुडे दिसले, किंवा तेल ताकासारखे पांढुरके झालेले आढळले, तर मिस्त्रीचे ते वाक्य आठवावे. पंप हवा घेतो आहे.

हवेचा एवढा काय अपराध? द्रव दाबला जात नाही, वायू दाबला जातो, हे आपण शाळेत शिकलो. तेलात मिसळलेले बुडबुडे पंपातून जाताना एकाएकी मोठ्या दाबाखाली येतात आणि मिटतात. असे हजारो बुडबुडे क्षणोक्षणी मिटत राहिले, की त्या धक्क्यांचा मिळून कण्हण्यासारखा नाद होतो. बुडबुड्याला स्वतःचा सूर असतो, हे डच शास्त्रज्ञ मिनार्ट याने १९३३ साली गणिताने दाखवले. पाण्यातील सुमारे ३ मिलिमीटर त्रिज्येचा हवेचा बुडबुडा सेकंदाला हजाराच्या आसपास कंपने पावतो. झऱ्याची झुळझुळ आणि ओतलेल्या पाण्याचा बुडबुड आवाज यांचे मूळ अशाच बुडबुड्यांत आहे. झऱ्यात जे गोड वाटते तेच पंपात घातक ठरते.

बाहेरून हवा शिरली नाही तरीही बुडबुडे निर्माण होऊ शकतात. आपल्या नित्याच्या खनिज तेलात त्याच्या घनफळाच्या सुमारे ८ ते १० टक्के हवा विरघळलेली असते. पंपाला पुरेसे तेल मिळाले नाही, म्हणजे डबीच्या तळाची जाळी गाळाने बुजली, नळी आतून सुजली, किंवा तेलच फार घट्ट झाले, तर पंपाच्या तोंडाशी दाब घसरतो. सोड्याची बाटली उघडावी तशी ती विरघळलेली हवा बाहेर पडते. दाब आणखी घसरला तर खुद्द तेलाची वाफ होऊन पोकळ्या पडतात. जहाजांच्या पंख्यांना या पोकळ्यांनी एके काळी हैराण केले होते. पार्सन्सच्या 'टर्बिनिया' या १८९४ सालच्या नौकेला आरंभी वेग येईना, त्याचे कारण हेच निघाले. पोकळी मिटताना धातूवर इतका तीव्र आघात होतो, की कालांतराने पृष्ठभागावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. कण्हणाऱ्या पंपाकडे महिनोन्महिने काणाडोळा केला तर पात्यांची आणि कड्याची हीच गत होते. मग निदान करणे सोपे होते खरे, पण तोवर उपायाची किंमत वाढलेली असते.

लखनौची हवा या प्रकरणात स्वतःची भर घालते. जानेवारीत येथे पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो. धुक्याच्या सकाळी घट्ट झालेले तेल पंपाला ओढता येत नाही आणि गाडी पहिली दोन-चार मिनिटे कण्हते. तेल ऊबदार झाल्यावर ती गप्प बसत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. तेल जुने असल्यास बदलावे आणि जाळी साफ करावी. याउलट मे-जूनमध्ये, तापमान ४० अंशांच्या पुढे गेले असता, वाहतुकीच्या कोंडीत तासभर अडकल्यानंतर आवाज सुरू होत असेल, तर तेल पातळ झाले आहे आणि पंपाचे आतले भाग झिजले असण्याचा संशय बळावतो. म्हणून मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी आवाज केव्हा येतो हे कागदावर टिपून न्यावे. 'कधीकधी येतो' या उत्तराइतके निरुपयोगी उत्तर नाही.

तेल कमी झाले असेल तर ते गेले कोठे, हे शोधावे. ते जळून जात नाही. कोठून तरी गळते. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरावा आणि सकाळी डाग पाहावा. पंपाच्या दांड्याचे सील, दाबाच्या नळीचे सांधे, सुकाणूच्या दांड्यावरील घडीचे रबरी आवरण, ही गळतीची नेहमीची ठिकाणे. ते आवरण दाबून पाहिले असता आत तेल खुळखुळले, तर आतले सील फाटले आहे. गळके तेल तापलेल्या धुराड्याच्या नळीवर पडले तर आगीचा धोका असतो, तेव्हा ही पाहणी पुढे ढकलू नये.

आणि आता सर्वांत फसवी गळती. डबीपासून पंपाकडे येणाऱ्या नळीत दाब नसतो, ओढ असते. तिच्या सांध्यात केसाएवढी फट पडली, तर तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. जमिनीवर डाग नाही, पातळी जवळजवळ कायम, आणि पंप मात्र रडतो आहे. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या गाडीची नेमकी हीच कथा. त्यांच्या जुन्या गाडीचा पंप एका गॅरेजात बदलला गेला. दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी नवा पंप जुन्याच सुरात रडू लागला. पंपच सदोष निघाला असे म्हणून तिसरा पंप बसवला गेला. तोही रडला. शेवटी एका वृद्ध मिस्त्रींनी पंपाच्या तोंडाशी नळी जोडते तेथली रबरी ओ-रिंग काढून त्यांच्या हातावर ठेवली. उष्णतेने ती कडक होऊन चपटी झाली होती. काही रुपयांची ती रिंग बदलली आणि गाडी गप्प झाली. प्रत्येक वेळी नवा पंप बसवताना जुनीच रिंग परत घातली जात होती. या गृहस्थांचे किती पैसे गेले, ते मी सांगत नाही. ऐकून आपल्यालाही रडू येईल. ही फट शोधण्याची एक साधी रीत आहे. इंजिन चालू असताना संशयित सांध्यावर थोडे सुकाणूचेच तेल सोडावे. आवाज क्षणभर बदलला, तर फट तेथेच. नळी आणि तिची क्लिप हाताने किंचित हलवून पाहिल्यानेही पुष्कळदा उलगडा होतो.

फट बुजवली, तेल भरले, तरी आत गेलेली हवा आपण होऊन लवकर निघत नाही. ती काढावी लागते. पुढची चाके जमिनीवरून उचलून गाडी भक्कम लोखंडी टेकूंवर ठेवावी, केवळ जॅकवर कधीही नव्हे. इंजिन बंद. डबी भरावी आणि सुकाणूचे चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश, वीसएक वेळा फिरवावे. मध्येच पातळी घटते. ती पुन्हा भरावी. बुडबुडे येणे थांबले, की इंजिन सुरू करून, फेरे न वाढवता, चाक पुन्हा दोन्ही बाजूंस फिरवावे. टोकाला दाबून धरू नये. तेल पांढुरके झाले तर इंजिन बंद करून तासभर थांबावे. फेस आपोआप वर येतो. मग पुन्हा तीच कृती. हे काम घाईने करणाऱ्याच्या हाती यश लागत नाही, आणि इंजिन आधीच सुरू केले तर पंप हवा व तेल घुसळून ताक करतो.

कोणते तेल भरावयाचे, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तसा नाही. पुष्कळ गाड्यांत स्वयंचलित गिअरपेटीचेच तेल चालते; काही उत्पादक मात्र स्वतःचे वेगळे तेल सांगतात, आणि तेथे दुसरे घातले असता आवाज आणि सीलची नासाडी दोन्ही पदरी पडतात. डबीच्या झाकणावर किंवा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत नाव छापलेले असते, तेच घ्यावे. ब्रेकचे तेल कोणत्याही परिस्थितीत घालू नये. ते दिसावयास तसेच असले तरी त्याची घडण निराळी असते आणि सुकाणूची रबरी सीले त्याने फुगून निकामी होतात.

पातळी बरोबर, तेल स्वच्छ, जाळी मोकळी, सांधे घट्ट, हवा काढलेली, आणि तरीही कण्हणे चालूच, अशा वेळीच पंपाकडे वळावे. लांब पेचकसाचे टोक पंपाच्या अंगावर टेकवून मूठ कानाशी धरावी. मिस्त्रींचा हा स्टेथोस्कोप. आतून खरखर आली, तर बेअरिंग किंवा पात्या गेल्या. दाब मोजण्याचे यंत्र जोडून खात्री करता येते; मोठ्या कार्यशाळांत ते असते. पंप बदलताना जुने तेल पूर्ण काढून नळ्या धुऊन घ्याव्यात, नाही तर जुन्या पंपाचा चुरा नव्याच्या पोटात जातो. क्वचित असेही आढळते, की सारे काही ठीक असून दाबाची नळी कोठेतरी गाडीच्या पत्र्याला टेकली आहे. मग पंपाचे नेहमीचे क्षीण गुणगुणणे पत्रा तंबोऱ्याच्या भोपळ्याप्रमाणे मोठे करतो. नळी दोन बोटे बाजूला सरकवली की काम झाले.

श्रोत्यांपैकी काहींनी आधीच विचारले, की हे सारे न करता गाडी तशीच चालवली तर काय होईल. पट्टा तुटला किंवा तेल संपले, तर सुकाणू अडकून बसत नाही; चाक आणि रस्ता यांमधला पोलादी सांधा शाबूत असतो. परंतु चारबागच्या गर्दीत वळण घेत असताना ते एकाएकी दगडासारखे जड होते, आणि ज्या हातांना हलक्या चाकाची सवय झाली आहे ते त्या क्षणी गोंधळतात. ट्रक आणि बस यांच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच गंभीर. तेथे नुसत्या दंडाच्या बळावर वळण पुरे होईलच असे नाही.

अलीकडच्या बहुतेक लहान गाड्यांत तेल, पंप आणि पट्टा यांतले काहीच नसते. विजेची मोटर सुकाणूला बळ देते. अशा गाडीत चाक वळवताना हलकीशी गुणगुण येणे स्वाभाविक असते. ती वाढली, तिच्यात खरखर मिसळली, किंवा समोरच्या पट्टीवर सुकाणूचा दिवा लागला, तर येथे सांगितलेले उपाय कामाचे नाहीत. संगणक जोडून दोष वाचणाऱ्याकडेच जावे आणि ती मोटर घरी उघडू नये. आपल्या गाडीत कोणती रचना आहे, हे झाकण उघडून तेलाची डबी शोधली की कळते. डबी असेल आणि हवा काढण्याचे काम आपण केले असेल, तर आठ दिवसांनी, सकाळी, इंजिन थंड असताना तिचे झाकण पुन्हा एकदा उघडावे. पातळी खुणेवर आणि तेल नितळ असेल, तर पुढे वर्षभर पाहावयास नको. ती बोटभर खाली गेलेली दिसली, तर पुठ्ठा पुन्हा गाडीखाली पसरावा.